नावासकट उतरवलेलं

मंगळवार, ता. ९

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहिलं आणि खोडलं. कागद बदलत नाही, माझी खाडाखोड तुला नवी नाही.

भाऊजी लॅबवरून जाणार होते, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. पाकीट चिकटवलंय. त्यांना काहीच सांगितलेलं नाही. सकाळपासून तुला तीनदा फोन लावला. तू "बोला नक्कलराव!" म्हणून हसलीस की माझी बोबडी वळते आणि मी भाचीच्या परीक्षेचं विचारून फोन ठेवतो. तिन्ही वेळा परीक्षाच. तुला संशय आला असेलच.

हे नाव कशावरून पडलं, आठवतं ना? शाळेत मी तुझी जुनी निबंधाची वही उतरवून काढली, ती वरच्या तुझ्या नावासकट.

तर ऐक. तीन आठवड्यांपूर्वी तू रक्त तपासायला आलीस, त्याच सकाळी लॅबमधल्या आमच्या दुसऱ्या खोलीसाठी नवा कॉम्प्युटर आला होता. पहिल्या खोलीतल्याचा जुळा भाऊच. अशा वेळी आम्ही एकेक प्रोग्राम टाकत बसत नाही. जुन्याची अख्खी डिस्क नव्यावर उतरवतो. मग एकच गोष्ट हाताने बदलायची, खोलीचा नंबर. नाहीतर नवाही स्वतःला 'खोली एक' समजतो, दोन्हीकडून सारख्याच नंबरच्या चिठ्ठ्या निघतात आणि रक्ताच्या नळ्यांवर चिकटतात. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर; रिपोर्ट कोणाचा ते त्यावरूनच ठरतं.

मी तो बदलला नाही. तू बाकावर बसली होतीस, चेहरा पार उतरलेला. तुला ताटकळायला लागू नये म्हणून मी घाईघाईने दोन्ही खोल्या सुरू करायला लावल्या. तुला पहिल्या खोलीत बोलावलं. तुझ्या नळीवर नंबर पडला, एक-सतरा.

दुपारी चूक ध्यानात आली. नंबर गुपचूप बदलला आणि कोणाला बोललो नाही. रिपोर्टवर नावं असतातच, बिघडतंय काय, अशी मनाची समजूत घातली. खरं सांगू? लॅबच्या मॅडमना घाबरलो. संध्याकाळी तुझा रिपोर्ट मीच छापला आणि मीच फोन केला, "ताई, एकदम ठणठणीत! नुसती नाटकं तुझी."

काल एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्याच दिवशीच्या तपासणीवरून आम्ही त्यांना रक्ताचा मोठा आजार सांगितला होता. तीन आठवडे त्यांच्या घरात रडारड. शेवटी त्यांनी दुसरीकडे दोनदा तपासून घेतलं, तर काही म्हणता काही नाही! त्या आम्हाला वाट्टेल ते बोलत होत्या आणि मधेच हसत होत्या. सगळ्या लॅबला हायसं वाटलं. मी मात्र त्यांचा कागद मागून घेतला आणि नळीचा नंबर पाहिला.

त्यांची नळी दुसऱ्या खोलीतली. नंबर एक-सतरा.

ताई, त्यांचा नाही म्हणजे तो रिपोर्ट कोणाचा तरी आहेच ना.

मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत, त्याने जास्तच धडकी भरली. त्या सकाळच्या अशा बावीस जोड्या निघाल्या. आज सगळ्यांना बोलावणं चाललंय. यादीतलं एक नाव मी मागून घेतलं. म्हटलं, घरचं माणूस आहे, मी सांगतो. नोकरीचं जे व्हायचं ते होवो.

मॅडम म्हणतात, पुन्हा तपासल्याशिवाय पक्कं काही म्हणता येत नाही. आणि असलंच, तरी लवकर उपचार सुरू झाले तर माणूस बरा होतो. 'लवकर' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

उद्या सकाळी आठला ये. मी दारातच उभा असेन. नळीवर तुझं पूर्ण नाव मी स्वतः हाताने लिहिणार आहे. शिव्या घालायच्या तेवढ्या घाल, जन्मभर बोलू नकोस हवं तर, पण रागावून घरी बसू नकोस. मला फार भीती वाटतेय गं.

त्या वहीच्या वेळी गुरुजी छडी घेऊन उभे होते आणि तू पुढे होऊन म्हणालीस, चूक माझी, मीच त्याला वही दिली. या वेळी तसं काही म्हणू नकोस.

उद्या आठला दारात उभा असलेला,

तुझा नक्कलराव