नारिंगी गाडीत दोनच माणसं बसतात

आदरणीय धाकट्या मामांना,

शूहावचा समुद्रापलीकडून वाकून नमस्कार. तुमचा खांदा कसा आहे? मामींनी लावलेल्या औषधी पट्टीने गुण आला का? मी इथे रिचमंडमध्ये खुशाल आहे, वेळेवर जेवतो. मामींनी दिलेली वाळवलेल्या मोहरीच्या पाल्याची बरणी कधीच संपली आणि तिच्यात आता माझ्या घरमालकीणबाई, फोंग मावशी, बटणं ठेवतात. बाबांच्या पाठीचं मात्र तुम्हीच कळवा. त्यांना विचारलं की "उत्तम" एवढंच म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात.

पत्र तुम्हालाच का, तर वीस वर्षं बाबांची गाडी तुम्ही चालवता. आपल्या घरात गाडी चालवता येणारं माणूस एकच, आणि ते तुम्ही. (दुसरा मी, असं बाबा कारखान्यात सगळ्यांना सांगत असतात. गोची तिथेच आहे.)

गाडी मी मागितली नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. इलॅस्टिकवाल्या लोउंच्या जुनहंगने, म्हणजे माझ्याच कॉलेजातल्या दिवट्याने, पांढरी गाडी घेतली आणि तिला रेलून फोटो टाकला. बाबांनी तो नाश्त्याच्या वेळी पाहिला आणि दुपारच्या जेवणापर्यंत माझी गाडी ठरली. मोज्यांचा कारखाना असलेल्या आपण मोज्यांचं इलॅस्टिक विकणाऱ्यांच्या खाली राहायचं, हे आपल्या आख्ख्या दातांग गावात कोणाला पटणार आहे? रंग नारिंगी, दारं दोन, जागा दोन, आवाज मात्र वरातीचा. बाबांनी कंपनीला सगळं खोदून खोदून विचारलं, वेग किती, लोउंच्या गाडीपेक्षा किती जास्त. मला गाडी चालवता येते का, एवढं विचारायचं राहिलं. मीही सांगितलं नाही. (गाडीशेजारी उभं राहून फोटो काढायला परवाना लागत नाही.) चूक माझीच आहे, मान्य.

इथला कायदा असा की शिकाऊ माणसाने गाडीच्या मागे लाल पाटी लावायची आणि शेजारी पक्का परवाना असलेलं, पंचविशी ओलांडलेलं माणूस बसवायचं. माझ्या ओळखीत असं माणूस म्हणजे फोंग मावशी, वय वर्षं एकाहत्तर. दोन जागांपैकी एकीवर मी, दुसरीवर मावशी, असं गेलं दीड वर्ष चाललं आहे. मावशी हाँगकाँगच्या, त्यांची बोली वेगळी, त्यामुळे आपली भाषा त्या चिडल्यावरच बोलतात. गाडीत बसल्या की सतत आपल्याच भाषेत बोलतात. बाजारहाटही आमच्या गाडीनेच होतो. सिग्नलला लोक कौतुकाने गाडीकडे बघतात आणि आत बघतात तर मांडीवर कोबी घेतलेली म्हातारी. आमच्या वर्गातली थांग यीनिंग एकदा म्हणाली, "मला एकदा फिरवून आण की रे." मी म्हटलं, "मावशींना विचारतो." त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही.

परीक्षेला गाडी आपली आपणच न्यावी लागते. पहिल्या खेपेचे परीक्षक सहा फुटांहून उंच होते. ते गुडघे हनुवटीला लावून कसेबसे आत शिरले. परीक्षा बरी झाली (माझ्या मते), पण परत आल्यावर त्यांना बाहेरच पडता येईना. एक हात मी धरला, दुसरा कचेरीतल्या बाईंनी, आणि मावशी लांबून ओरडत होत्या, "डोकं आधी! अहो, डोकं आधी काढा!" कागदावर नापासाचं कारण 'मान वळवून मागे पाहत नाही' असं लिहिलं, पण खरं काय ते मला माहीत आहे. दुसऱ्या खेपेला मी फार हळू चालवतो म्हणून नापास झालो. होय मामा, ज्या गाडीच्या वेगाच्या आनंदात बाबांनी कारखान्यात पेढ्यांसारख्या सिगारेटी वाटल्या, ती मी अशी चालवली की मागून सायकलवरच्या एका आजोबांनी घंटी वाजवली. तिसऱ्या खेपेला गाडी मागे घेऊन लावायची होती. त्या गाडीतून मागचं काही म्हणजे काही दिसत नाही. फुटपाथवर जुनहंग टोळकं घेऊन फोन काढून उभा होता. "अरे शूहाव, मावशींना बोलाव! त्या लावतील!" असं तो ओरडला आणि मी गाडी फुटपाथच्या कडेवर चढवली.

आता मुद्द्याचं. आपल्याकडच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत बाबा इथे येताहेत. मागच्या फोनवर ते म्हणाले, "मला समुद्राकाठच्या त्या डोंगरातल्या रस्त्याने ने. आपण दोघंच." मामा, 'आपण दोघंच' असं बाबा मला यापूर्वी कधी म्हणाले आहेत का? तुम्हीच आठवून सांगा. मी शाळेत होतो तेव्हापासून गाडीत तुम्ही पुढे, मागे बाबा फोनवर आणि त्यांच्या शेजारी मी, फोन संपायची वाट बघत. तो संपायचा तोवर शाळा यायची. मला एकदा बाबांना शेजारी बसवून न्यायचं आहे. आणि पास झालो नाही तर कायद्याने शेजारी मावशी बसणार, म्हणजे बाबांना टपावर बांधावं लागेल. हे त्यांना सांगायची माझी छाती होत नाही.

म्हणून मी कंबर कसली आहे. मावशींची स्वतःची एक अठरा वर्षांची बदामी गाडी आहे. तिचं मागचं दार आतून उघडत नाही, पण तिच्यातून मागचं जग स्वच्छ दिसतं. गेले पाच आठवडे रोज सकाळी कॉलेजच्या आधी मी बाजाराच्या रिकाम्या आवारात दोन बादल्या ठेवतो आणि त्यांच्या मधे गाडी मागे घेतो. पहिल्या आठवड्यात चार बादल्या फुटल्या, या आठवड्यात एकही नाही. मावशी खुर्ची टाकून चहा पीत बसतात आणि अधूनमधून म्हणतात, "मान! तुझ्या मानेला काय गंज चढलाय का?" चौथी परीक्षा गुरुवारी आहे. मी पास होणार. नाही झालो तर पाचवी देईन, सहावी देईन, परीक्षक निवृत्त होईपर्यंत देत राहीन.

मामींना आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार.

तुमचा भाचा,
शूहाव

ता. क. पाकीट चिकटवायचं राहून गेलं आणि तेवढ्यात गुरुवार येऊन गेला. पास झालो! बदामी गाडीत. परीक्षक तेच पहिले, उंच. ते आपले आपण उतरले. मावशी रडल्या आणि वर मलाच ओरडल्या.

ता. क. २. म्हणजे आता बाबांना यातलं काही कळायचं कारण उरलेलं नाही. नारिंगी गाडी काढावी, त्यांना फिरवून आणावं, संपलं. पण ती गाडी मी कंपनीला परत देतो आहे आणि मावशींची बदामी घेतो आहे. बाबांच्या पाठीला नारिंगीत शिरणं जमेल, निघणं जमणार नाही, आणि त्यांचे हात ओढायला जुनहंगच पहिला धावून येईल. शिवाय तिच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही. मला बोलायचं आहे.

ता. क. ३. आता खरं काम सांगतो. हे मी बाबांना फोनवर सांगायला गेलो की ते "उत्तम" म्हणतील आणि फोन आईकडे देतील. म्हणून एवढं करा, मामा. हे पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत मागच्या सीटवर, त्यांच्या बाजूला, विसरून ठेवा. त्यांनी विचारलं तर तुम्हाला काही माहीत नाही. आणि तेवढा एक दिवस कारखान्याला जरा लांबच्या रस्त्याने न्या.