बारावा गंज

प्रिय रश्मी,

मोहल्ल्यात सगळे तुला मॅडम म्हणून राहिले. माझ्याच्यानं होत नाही बापा. शाळेत जाताना तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझं शेंबडं नाक माझ्या ओढणीला पुसलं, तेव्हा रश्मीच राहू दे. परवाच्या बैठकीत मला भांडीचोर ठरवलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. नसेल आलं तर कागद येईल. तुमचं पान कागदाशिवाय कुठं हलते!

आधी तुमच्या त्या उद्घाटनाचं सांगते, कारण तेव्हापासूनच माझं डोकं फिरलेलं आहे. मोहल्ल्याच्या भांडी मंडळाला तुमच्या संस्थेचं छोटं अनुदान मिळालं, चांगलं झालं. बारा जुन्या भांड्यांना कल्हई, नवी झाकणं, एक लोखंडी कपाट. एवढ्याशा कामासाठी तीन गाड्या भरून माणसं आली! खादीचे कुडते, गळ्यात ओळखपत्रं, हातात पाण्याच्या बाटल्या. आमच्या माठाकडं एकानं ढुंकून पाहिलं नाही. वरून फोटोवाल्याला म्हणे विविधता पाहिजे होती. हलीमाचाचीला बुरखा घालून यायला सांगितलं. ती बिचारी कधी घालत नाही, शेजारणीचा मागून आणला. केशोरीकडचा दुधराम राइस मिलमधून थेट आला होता, डोक्यापासून पायापर्यंत कोंडाच कोंडा. त्याला विचारलं, तुमचा आदिवासी पोशाख कुठं आहे? हाच आहे, म्हणाला तो. मला हसू फुटलं, आणि तुझ्याकडं पाहिलं तर तू मान खाली घालून यादीवर खुणा करून राहिली होतीस. कीव आली तुझी. खरं तर राग यायला पाहिजे होता.

आणि आमचा अध्यक्ष चुन्नीलालभाऊ! जन्मभर अडतीत हमालांवर खेकसणारा माणूस, त्या दिवशी तुमच्या साहेबांच्या मागंमागं प्लास्टिकची खुर्ची घेऊन फिरत होता. साहेब चालले की खुर्ची चालली. तुमच्या अहवालात त्याला 'स्थानिक नेतृत्व' लिहिलं आहे म्हणे. काय नजर आहे तुमची, वा! मी तरी कुठं मोठी धुतल्या तांदळाची? फीत मीच धरली होती, आणि तुमचा समोसाही खाल्ला. थंडगार होता.

मग आठ दिवसांनी कागद आला. अनुदानातल्या प्रत्येक वस्तूवर फक्त संस्थेचं नाव पाहिजे, सगळीकडं एकसारखं, जुनी नावं काढून टाकावीत. शाबास रे शहाण्यांनो! ज्यांनी भांडी दिली त्यांची नावं पुसायची, आणि ज्यांनी कल्हई करून दिली त्यांचं टाकायचं. चुन्नीलालभाऊनं त्याच दुपारी हातगाडी बोलावली. हलीमाचाचीच्या सासऱ्याचं उर्दूतलं नाव, दुधरामच्या गेलेल्या पोराचं नाव, सगळं पॉलिशच्या चाकाखाली घासून निघालं. दुधराम आपली परात उलटीपालटी करून पाहत बसला. मग उठून मिलमध्ये गेला. त्या कागदाखाली सही तुझी होती, रश्मी.

तू विसरली असशील, म्हणून सांगते. तुझे बाबा, भोजराजकाका, गेले तेव्हा तू चौथीत होतीस. पुण्यानुमोदनाला येणाऱ्यांच्या जेवणासाठी भाड्यानं भांडी आणायला तुझ्या आईसोबत मी गेले होते. दुकानदारानं आधी मोहल्ला विचारला, मग आडनाव विचारलं, आणि मग म्हणाला की सगळी भांडी बाहेर गेली. त्याच्या पाठीमागं छतापर्यंत भांड्यांची रास लागलेली होती! कुसुमकाकू तशीच मागं वळली. त्या दिवशी चार घरच्या चार लहान पातेल्यांत भात शिजला. त्यानंतर दोन वर्षं ती रोजच्या कामावर जास्तीच्या बिड्या वळत राहिली आणि पितळेचा मोठा गंज घेऊन आली, पन्नास माणसांचा भात एकदम शिजेल असा. आता या मोहल्ल्यातल्या कोणाला भांड्यासाठी आडनाव सांगायचं काम पडणार नाही, असं म्हणाली. मंडळाचं ते पहिलं भांडं. हलीमाचाचीच्या पोरीच्या लग्नाचा पुलाव त्यातच शिजला, दुधरामच्या घरचा नव्या धानाचा भातही त्यातच. काकू गेली तेव्हाचं जेवणसुद्धा. तू दुसऱ्या दिवशी परत गेलीस, सुटी नव्हती तुला. आणि आता तुमच्या अहवालात छापून आलं, 'संस्थेच्या पुढाकारातून मोहल्ल्यात प्रथमच सामायिक भांडी'. प्रथमच! थुंकावंसं वाटलं मला त्या कागदावर.

तर त्या हातगाडीवर अकराच भांडी गेली. बारावा, काकूचा तो गंज, मी उचलला, तो माझ्या खाटेखाली आहे. चोरी केली, कबूल. शनिवारी तू तपासणीला येशील, चुन्नीलालभाऊ तुझ्यापुढं माझी तक्रार ठेवेल, आणि मला मंडळातून काढायला तुझी सही मागेल. कर खुशाल. फक्त त्याआधी माझ्या घरी ये, गंज बाहेर ओढ आणि काठाजवळ पाहा. तुला वाटत असेल, तिथं आईचं किंवा बाबांचं नाव आहे. नाही आहे. नाव टाकणाऱ्यानं विचारलं तेव्हा काकूनं तुला पुढं केलं. आमच्या घरच्या बायकांत अक्षर काढणारी ही पहिली, हिच्याच हातानं लिहून घ्या, म्हणाली. तू जीभ बाहेर काढून पेनानं लिहिलंस आणि त्यानं त्यावरूनच ठिपके मारले. 'कु. रश्मी भोजराज, वर्ग सहावा'. ती तुझी पहिली सही, पोरी. घासायची असेल तर येताना पॉलिशवाल्याला घेऊन ये. मी दार उघडं ठेवते.

तुझीच, चोर ठरलेली,
शामकलाताई