व्हय म्हाराजा

मुलुंड, रविवार, संध्याकाळ

बाबांना केदारनाथला नेऊन आणलं त्याला दोन दिवस झाले, पण एक गोष्ट काही डोक्यातून जात नाहीये.

गाभाऱ्यात जेमतेम मिनिटभर मिळालं. सगळे डोकं टेकून पुढे सरकत होते आणि बाबांनी हात जोडून चक्क मालवणीत, मोठ्याने देवाला गाऱ्हाणं घालायला, म्हणजे मागणं मागायला, सुरुवात केली. "बा केदारनाथा म्हाराजा, ह्या माझ्या चेडवान माका हंयसर हाडल्यान. तिका सुखात ठेव रे म्हाराजा!"

मग थांबले. गावच्या देवळात अशा वेळी सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात, तेव्हा कुठे गाऱ्हाणं पुरं होतं. तिथे कोण म्हणणार? मीच ना! पण लोक वळून बघायला लागले. "बाबा, चला ना," म्हणत मी त्यांचा हात ओढला. मागणं माझ्यासाठी होतं आणि लाजही मलाच वाटली. कसली लाज, देव जाणे.

आज गुडघ्यांना तेल चोळता चोळता सहज म्हणाले, "गाराणा अर्धाच रवला गो."

मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि म्हटलं, "व्हय म्हाराजा."

बाबांनी तेलाचे हात तसेच जोडले.