श्यामरावांच्या ट्रकाचा स्लो कोणी बिघडवला

माझ्या ट्रकाचा स्क्रू कोणीतरी तीनदा फिरवला आणि घरातल्या एकाही माणसानं आपणहून कबूल केलं नाही. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

मी, विजया श्यामराव गजभिये, वय शहात्तर, शिक्षण चौथी, राहणार हुडको, भिलाई, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी हात धरून न बसता हे मृत्युपत्र माझ्या अक्षरात लिहिते. डोक्याबद्दल डॉक्टरचा कागद जोडला आहे, कारण माझा मुलगा प्रफुल उद्या म्हणेल, म्हातारी भ्रमिष्ट झाली होती. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलं तर खोटं समजावं.

कलम एक, ट्रक. माझे मालक श्यामराव यांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेला, पेट्रोलवर चालणारा, १९५८ सालचा. चाळीस वर्षं चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो याच ट्रकावर पुढे असतो. मिरवणुकीत ट्रक माणसाच्या पावलानं चालतो आणि घडोघडी थांबतो. तेव्हा पाय उचलला तरी इंजिन हळू, एका ठेक्यात चालत राहिलं पाहिजे. त्याला स्लो म्हणतात. यंदा ट्रक तीनदा बंद पडला. पोरांनी ढकलला. प्रफुल चालवत होता. तो खाली उतरून सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, हे इंजिन नाही राहिलं आता, भंगार हाय. कावून जीव लावून राहिली?"

मी म्हणाले, "भंगार हाय तं रेस दिल्यावर कावून पळून राहिलं?"

त्यावर तो पाणी प्यायला गेला.

ट्रक उभा असतो त्या जागेवर त्याला भाड्यानं द्यायला दोन खोल्या काढायच्या आहेत, हे मला माहीत आहे. ट्रक विकला म्हटलं तर समाज तोंडात शेण घालेल. ट्रक मेला म्हटलं तर त्याच्या गळ्यात हार घालतील.

मिस्त्री हिरालाल म्हणाला, कार्बोरेटर गेला, बदला. मी त्याचंही ऐकलं नाही. हिरालाल चांगला आहे, पण मिस्त्री आहे. मी स्वतः पाहिलं. पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळलं, कचरा नव्हता. इंजिन गरम करून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात अर्धा धरला. मरायला टेकलेलं इंजिन सुधारलं. म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडत होतं, नाहीतर कुठून तरी जास्तीची हवा घुसत होती. कार्बोरेटरच्या बुडाच्या जोडावर साबणाचं पाणी टाकलं. आवाजात फरक नाही, म्हणजे जोड बरोबर. उरला स्लोचा स्क्रू. मालकांनी सांगितलं होतं, पूर्ण कसायचा आणि तिथून दीड फेरा सोडायचा. मी कसून पाहिला तर अर्ध्या फेऱ्यातच बसला. त्याच्याखाली स्प्रिंग आहे, ती टणक आहे. हादऱ्यानं स्क्रू फिरत नाही. हातानं फिरतो.

मी दीड फेरा सोडला. इंजिन चालू लागलं. मी कोणाला बोलले नाही. माझ्या घरात चांगली बातमी सांगून ठेवली की ती बिघडते.

जूनमध्ये पुन्हा पाहिलं, पुन्हा अर्धा फेरा. मग मी स्क्रू ठीक केला आणि त्याच्या डोक्यावर ग्रीसमध्ये कालवलेली नीळ भरली. तो स्क्रू मागच्या बाजूला आहे, डोळ्याला दिसत नाही. बोटानं खाच शोधावी लागते, मग फिरवायला पेचकस लागतो. हे माहीत असणारे जिवंत लोक तीन: मी, हिरालाल आणि प्रफुल, ज्याला बापानं हात धरून दाखवलं होतं. हिरालाल तो आठवडाभर राजनांदगावला मुलीकडे होता.

चौथ्या दिवशी सून ललिता मला वाढायला बसली. तिच्या बोटाचं नख निळं.

"काय लागलं वं?"

"कपडे धुतले आई."

या घरात नीळ फक्त माझ्या विहारात नेसायच्या पांढऱ्या लुगड्याला लागते आणि बाटली माझ्या कुलुपात असते. मी भात खाल्ला, मग जाऊन पाहिलं, स्क्रू पुन्हा अर्ध्या फेऱ्यावर. ललिताला बोनेट उघडता येत नाही. तिला कोणीतरी उघडून दिलं, दाखवलं आणि उभं केलं.

ट्रक प्रफुलच्या मुलीला, माझी नात प्रेरणा हिला द्यावा. नंतर मी तिला स्क्रू दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "आजी, इसमें तो किसी का हाथ है." पोरगी बापाची असून खरं बोलली. तिनं तो दर चौदा एप्रिलला पुढे न्यावा. प्रेरणा, स्क्रू इंजिन गरम झाल्यावरच लाव. थंड्या इंजिनवर लावणारा मूर्ख.

कलम दोन. मालकांची पान्यांची पेटी प्रेरणाला. त्यातला लहान पेचकस जानेवारीपासून नाही. ज्याच्याकडे आहे त्याला माहीत आहे.

कलम तीन. बँकेत जे काय असेल ते ललिताला, तिच्या एकटीच्या खात्यात, नवऱ्याचं नाव न जोडता. पुढच्या वेळी कोणी तिला पाठवलं तर तिला नाही म्हणता आलं पाहिजे. ती रडेल. रडू द्यावं, पैसे परत घेऊ नयेत.

कलम चार. पाटल्या विहाराला. नणंदेनं मागितल्या तर सांगावं, मला लग्नात मिळालेल्या पितळेच्या समया तिच्या घरात आहेत, त्या मी अजून ओळखते.

कलम पाच, घर. अर्धं प्रेरणाचं, अर्धं प्रफुलचं. ट्रकाची जागा प्रेरणाच्या अर्ध्यात. प्रफुलचं अर्धं त्याला लगेच मिळणार नाही. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी हा कागद विहारात मोठ्यानं वाचावा. प्रफुलनं उभं राहून सांगावं की बायकोच्या हातानं हे काम कावून करवलं. सांगितलं तर त्याच दिवशी त्याच्या नावावर करावं. नाही सांगितलं तर तेही प्रेरणाचं. मी त्याला जिवंतपणी विचारलं नाही, कारण तो खोटं बोलला असता आणि मला ऐकून घ्यावं लागलं असतं.

हे पाळून घेण्याची जबाबदारी खालच्या साक्षीदारांवर. दोघांना या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, म्हणून त्यांना निवडलं.

ठिकाण: हुडको, भिलाई
तारीख: २४ जून २०२५

सही: विजया श्यामराव गजभिये

साक्षीदार १: हिरालाल साहू, मिस्त्री, बोरसी, दुर्ग (ट्रक त्यानं आज पाऊण तास स्लोवर उभा करून पाहिला, बंद पडला नाही)
साक्षीदार २: गीतांजली रामटेके, स्मृति नगर, भिलाई

वाचून झाल्यावर ललितानं मधे बोलायचं नाही, प्रेरणानं बापाची बाजू सावरायची नाही, साक्षीदारांना कोणी काही विचारायचं नाही. उत्तर प्रफुलनं द्यावं.