न्हाणीमागचा फणस

आई, मला तुझा राग आला आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून काय उपयोग, असं मामा म्हणतो. पण राग काही उपयोगासाठी येत नाही. आपल्या न्हाणीमागच्या फणसाची कलमं आता कुठं कुठं पोचली आहेत हे तुला सांगायला हवं, आणि ती कुणाच्या नावानं पोचली हेही.

मला आठवतं ते झाड फळाला आलेलं. त्याच्या आधीचं सगळं तू सांगितलेलं. फणसाच्या दिवसांत अस्वल डोंगरातून खाली उतरायचं, एकदा न्हाणीमागंच घाण करून गेलं, आणि पावसात त्या घाणीतून आठळ्या उगवल्या, एका जागी रोपांचा झुबका. तू बाकीची उपटलीस आणि एकच ठेवलंस. गायीनं बुडापर्यंत खाल्लं तरी पुन्हा फुटलं होतं, ते. त्याच्याभोवती काट्या रोवल्यास. न्हाणीचं पाणी चर काढून त्याच्याकडं वळवलंस. पहिली फळं आली ती एवढी लहान की मामा हसला, "आक्का, ह्यो फणस हाय का निरफणस?" तू विळीवर फणस फोडलास तर हाताला तेल लावायची गरजच पडली नाही, चीक जवळजवळ नव्हताच. गरे करकरीत, पावसाच्या आधी पिकलेले, आणि एका घराला एका बैठकीत संपेल एवढंच फळ. मामानं गरा उचलला तशी तू ताट मागं ओढलंस. "निरफणस म्हणालास न्हवं? मग ठेव की खाली." तो खाली ठेवणार होता होय! आठळ्यासुद्धा भाजायला मागून नेल्या त्यानं.

आपल्या वाडीत जनावरानं आणलेल्या झाडाला कुणी आपलं म्हणत नाही. फळ खावं, सावलीत बसावं, पण माझं म्हणू नये. दरवर्षीचा पहिला फणस तू झाडाच्या बुडाशी ठेवायचीस, धन्यासाठी, म्हणजे अस्वलासाठी. सकाळी तो तिथं नसायचा, आणि तू खूश व्हायचीस. तो धन्यानं नेला की शेजारच्या गुरांनी, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

आणि मग तो नर्सरीवाला येतो. कुळगीच्या जंगल कँपात पाहुणे घेऊन आलेला असतो, कुणीतरी बिनचिकाच्या फणसाचं सांगतं म्हणून जीप करून कुंभारवाडा गावाच्याही आत आपल्या घरापर्यंत येतो. ओट्यावर बसून गरे खातो, मग गरे सोडून स्वतःची बोटंच बघत बसतो. "वहिनी, झाड कुणाचं हे?" मी पुढं होऊन ओरडते, "आमचं!" तू माझ्या डोक्यात टपली मारतेस. परक्या माणसासमोर. "आमचं कसलं? अस्वलाचं हाय ते, दादा. त्येनं लावलं, आमी नुसतं पाणी घातलं." तो हसतो. म्हणतो, मग चार काड्या नेऊ का कलमाला? आणि तू म्हणतेस, "न्या की. काडीला कोण न्हाई म्हणतंय?" शिवाय जाताना त्याच्या जीपमध्ये दोन फणसही ठेवतेस.

त्या काड्यांची कलमं झाली, कलमांची बाग झाली. त्यानं नाव ठेवलं 'रानसाखर'. आधी फक्त त्याच्या नर्सरीत मिळायचं, मग बेळगावकडच्या बागायतदारांनी शेतंच्या शेतं लावली, कारण एवढा लहान फणस पेटीत बसतो, शहरातल्या बाईला एकटीला कापता येतो, हाताला चिकटत नाही. रामनगरच्या बाजारात आता तो सफरचंदाशेजारी मांडतात, सफरचंदावर असतो तसाच गोल कागद चिकटवून. त्या कागदावर अस्वलाचं चित्र आहे, आई. अस्वलाचं आहे.

गेल्या महिन्यात जोयड्याला फणसाचा मेळा झाला. मी आणि मामा मागच्या खुर्च्यांवर होतो. नर्सरीवाला भाषणाला उभा राहिला, आता केस पांढरे झालेत. म्हणाला, "घनदाट अरण्यात, अस्वलांच्या वाटेवर, जीव धोक्यात घालून मी हे झाड शोधलं." मामा एवढ्या मोठ्यानं हसला की पुढची माणसं वळून बघायला लागली. "कसलं अरण्य हो! तिथं आमच्या आक्काची लुगडी वाळत असायची!" लोक हसले, भाषण पुढं चालू राहिलं. भाषण संपल्यावर मी त्याला गाठून म्हणाले, झाड आमच्या न्हाणीमागं आहे, माझ्या आईनं वाढवलं. तो रागावलासुद्धा नाही. प्रेमानंच म्हणाला, "बाळ, तुझी आईच म्हणाली मला, हे आमचं नाही. देवमाणूस होती." मी तशीच माघारी वळले. कारण ते खरं होतं.

तेव्हापासून हा राग आहे. त्याच्यावर कमी, तुझ्यावर जास्त. आपल्याकडं बस येत नव्हती, शाळा लांब, म्हणून पहिली अक्षरं तूच चुलीपुढच्या राखेत काढून शिकवलीस, आणि प्रत्येक अक्षरामागं तेच, न्हाई ते आपलं म्हणू नगंस. मी अशी झाले की दुकानदारानं दिलेली सुटी नाणी दोनदा मोजते, जास्त आली असतील या भीतीनं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर ती आपली की कुणी ठेवलेली, हे चारचौघांना विचारल्याशिवाय बसत नाही. हे तुझं शिक्षण. पण त्या झुबक्यातून एक रोप निवडणं अस्वलाला जमलं असतं का? चर त्यानं खणला? अस्वलाचा मान तू राखलास, तुझा कोण राखणार होतं? नम्रपणा करायला तुला दुसरा माणूस मिळाला नाही?

मामानं बागायत खात्यात अर्ज केला, म्हणून काल एक अधिकारी झाड बघायला आले. मूळ झाड कुणाचं ते ठरवून या जातीच्या नोंदीत एकाचं नाव लागणार आहे, तुझं किंवा नर्सरीवाल्याचं. तोही आला होता. अधिकारी दक्षिणेकडचे, कानडीत विचारत होते. झाड कुणी लावलं? मामा लगेच म्हणाला, "आमच्या आक्कानं." मी म्हणाले, नाही, सर, अस्वलानं. मामानं कपाळावर हात मारला. "घे! आईवरच गेली!" मी मात्र थांबले नाही. घाणीतून उगवलेली रोपं, उपटलेली, ठेवलेलं एक, काट्या, चर, सगळं जसं तू सांगितलंस तसं सांगितलं. चर अजून दिसतो, तो दाखवला. अधिकारी झाडाला फेरी मारून आले. म्हणाले, म्हणजे निवडलं आणि जोपासलं तुमच्या आईनं. मग नर्सरीवाल्याकडं मानेनं खूण करून म्हणाले, "पण अम्मा, हे म्हणतात की तुमच्या आईनं स्वतःच सांगितलं, हे झाड आमचं नाही. त्यांनी असं म्हटलं होतं का?"

नर्सरीवाला माझ्याकडं बघत होता. त्याला खात्री होती, तुझी मुलगी खोटं बोलणार नाही. ती खात्री बघूनच माझं डोकं फिरलं.

मी म्हणाले, "न्हाई. माझी आई त्याला आमचंच म्हणायची."

तुझं नाव लागणार, आई. अधिकारी जाताना तुझं पूर्ण नाव दोनदा विचारून गेले. मामा आज सकाळपासून वाडीभर सांगत फिरतो आहे. मी घरातच आहे. पश्चात्ताप झाला असं लिहावं म्हणून बसले होते, पण तो झालेला नाही. भीती मात्र वाटते, आणि ती अशी वेडगळ की कुणाला सांगता येत नाही. ते अधिकारी खरंखोटं करायला तुझ्याकडं गेले असते तर? तू त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला असतास आणि खरं तेच सांगितलं असतंस. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. काल झाडाखाली उभी असताना, क्षणभर, तू नाहीस हे मला बरं वाटलं.