रिंकूचे पाय मी धरले

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

रिंकूचे पाय मी धरले. दुसऱ्या कोणी नाही, मीच. सख्ख्या बहिणीचे.

लेकरू सव्वीस दिवसांचं. आठ दिवसांपासून ती झोपली नाही, भिंतीशी बोलते, पोरीला जवळ घेत नाही. म्हणते, "हे पोरगी माही नोहे." तिचा नवरा मुकेश कापसाच्या जिनिंगवर कामाला गेला होता. त्याला न विचारताच मी तिला उपासनेला घेऊन गेले. अण्णाजी आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख — बारा वर्षं त्यांच्या शब्दाबाहेर गेले नाही. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. "इच्यात सैतान आहे. दीपमालाबाई, पाय धरा."

मग काठी. "निघ! येशूच्या नावानं निघ!" बाया टाळ्या वाजवत गात होत्या. मीही गात होते.

मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी पाय सोडले नाहीत!

११ नोव्हेंबर

मुकेशनं तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. मी गाडीत बसायला गेले तर म्हणाला, "ताई, तुमी येऊ नका." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१२ नोव्हेंबर

मनगट, आणि दोन बरगड्या.

मुकेशच्या आईकडून कळलं — डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर काही बायांना होतो असा आजार, औषधानं बरा होतो. आजार! मी अंगणवाडी सेविका. गावातल्या एकेक बाळंतिणीच्या घरी जाते, झोप येते का, जिवाला कसं वाटतं, सगळं विचारते. वहीत लिहून घेते. बहिणीला नाही विचारलं.

१३ नोव्हेंबर

प्रार्थना होत नाही. गुडघे टेकते, 'प्रभू, वाइटापासून सोडव' म्हणायला तोंड उघडते आणि अडते. कोणाला सोडव? कोणापासून?

१५ नोव्हेंबर

अण्णाजी आले होते.

"पोलीस विचारतीन, दीपमालाबाई. न्हाणीत पडली म्हणून सांगजा. बाहेरचे लोक तर टपूनच बसले आहेत. मंडळी बंद पडन."

"खोटं बोलू म्हणता, अण्णाजी?"

"प्रभूच्या घरावर पांघरूण घालणं हे खोटं नोहे."

मग रडले. खरंच रडले — रिंकूसाठीच. त्यांना अजूनही वाटतं की ते सैतानाशी लढले. ढोंगी असते तर मला सोपं गेलं असतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

उपासनेला गेले नाही. दार लावून बसले. गाण्याचा आवाज इथपर्यंत येतो.

१९ नोव्हेंबर

समुद्रपूरच्या ठाण्यात गेले. एकटी. बसमधून दोनदा उतरावंसं वाटलं.

काय घडलं ते सांगितलं. अण्णाजींचं नाव सांगितलं, काठी सांगितली. लिहून घेणाऱ्यानं विचारलं, "अन् तुमी तिथं काय करत होत्या?"

"पाय धरले होते."

त्याचा पेन थांबला. "हे लिहू काय, बाई? तुमच्यावर बी येईन."

"लिहा."

सही केली. इतकी वर्षं मंडळीसमोर उभी राहून साक्ष देत आले — प्रभूनं माझा ताप काढला, प्रभूनं नोकरी दिली. ही पहिली खरी. वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटेल. नाही वाटलं. शांती वगैरे काही आली नाही. पाय तेवढे डगमगले नाहीत. ताकद म्हणतात ती एवढीच असेल तर एवढी मिळाली.

२० नोव्हेंबर

अण्णाजींना काल संध्याकाळी घेऊन गेले. नळावर आनंदाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "यहूदा!" येशूला पकडून देणारा. बारा वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून गायले. मी भरलेला हंडा तिथंच सोडून घरी आले.

मलाही बोलावतील. बोलावू देत. प्रभू बोलत नाही.

२३ नोव्हेंबर

मुकेशचा फोन. "रिंकू तुमाले दवाखान्यात बोलावते."

गेले. हाताला प्लास्टर, कुशीत पोरगी दूध पीत होती. मी तिच्या पायाशी उभी — हात लावायची हिंमत होईना. तीच बोलली.

"तवा मले वाटलं, ताई, सैतान तुह्यातच शिरला. मी येशूले सारखी म्हणून राह्यली होती — माह्या ताईले सोडव."