आत्याने सोडलेले मासे

प्रिय सुलूआत्या,

"जानू, तुझी ॲडमिशन होयपर्यंत मी मासो खावचंय नाय," असं तू म्हणालीस, तेव्हा मी एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला पहिल्यांदाच बसत होते. मी हसले. मासे नसले की अर्ध्या जेवणावरून उठणारी तू, महिनाभरही टिकणार नाहीस असं वाटलं.

निकालाच्या दिवशी मी विक्रोळीला तुझ्याकडे आले. अडुसष्ट पर्सेंटाइल ऐकून तू पिशवीच उचललीस. "म्हणजे फर्स्ट क्लास ना गं? थांब, बांगडे आणते." तू चपला घालत असताना मला सांगावं लागलं, की एवढ्यावर चांगलं कॉलेज मिळत नाही. तू "बरं" म्हणालीस आणि भेंडी घेऊन आलीस. अजूनही सगळ्यांना बांगडे तळून वाढतेस आणि स्वतः डाळभात कालवतेस.

नोकरी सांभाळून मी पुन्हा अभ्यास केलाय. रविवारी पेपर आहे. गणित अडलं की मला तुझं ताट दिसतं. या वेळीही नाही जमलं, तर मी आहे ती नोकरी करेन, त्याचं फार वाटणार नाही. तुझा डाळभात मात्र बघवत नाही.

हे पत्र पाठवणार नाही. वाचलंस तर देवापुढे आणखी काही सोडशील. शुक्रवारी बांगडे घेऊन मीच येईन. तू ते साफ करशील, तळशील आणि सगळे माझ्याच ताटात वाढशील, ठाऊक आहे मला.

तरी निकालाची वाट न बघता, त्यातला एक तुकडा तू खा.

तुझी,
जानू